विश्लेषण : ‘एम-थ्री’त गाडी का अडकते? अवघड विषयाचा अभ्यास कसा केला तर तो डोक्यात राहतो?

रात्रभर सोडवलेली गणिते वाचली, सगळे समजलेही, पण पेपर हातात पडल्यावर सुरुवात कुठून करायची तेच सुचेना. अभियांत्रिकीच्या हजारो विद्यार्थ्यांचा हा अनुभव. यात बुद्धीचा भाग किती आणि अभ्यासाच्या पद्धतीचा किती? मानसशास्त्रातील संशोधन याबाबत बरेच स्पष्ट आहे, मात्र ते वसतिगृहात मिळणाऱ्या सल्ल्याशी फारसे जुळत नाही.

सत्र परीक्षा तोंडावर आल्या की महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत ‘इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स-३’ म्हणजेच ‘एम-थ्री’च्या नोट्स हमखास फिरू लागतात. सीनियर मंडळींचा सल्ला ठरलेला असतो : ‘मागच्या पाच वर्षांचे पेपर मार, निघून जाईल.’ काहींचा विषय खरोखर निघतो. ज्यांचा निघत नाही त्यांच्यामागे ‘केटी’ लागते आणि पुढच्या सत्रात नवे विषय व जुना एम-थ्री असे दोन्ही सांभाळावे लागते. यात न शिकणारी, न वाचणारी मुले थोडी असतात. बारावीला आणि सीईटीला गणितात उत्तम गुण मिळवलेली, तासन् तास बसणारी मुलेही याच रांगेत दिसतात.

एम-थ्रीच इतका अवघड का जातो?

विद्यापीठ आणि शाखेनुसार अभ्यासक्रमाचा तपशील बदलतो. तरी लाप्लास ट्रान्सफॉर्म, फोरियर सिरीज किंवा फोरियर ट्रान्सफॉर्म, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स, व्हेक्टर कॅल्क्युलस, संगणक शाखांना संख्याशास्त्र आणि संभाव्यता ही मंडळी कुठे ना कुठे भेटतातच. यातील प्रत्येक प्रकरण आधीच्या गणितावर उभे आहे. इन्व्हर्स लाप्लास काढताना पार्शल फ्रॅक्शन हात बसल्यासारखे यावे लागते. फोरियर सिरीजमध्ये इंटिग्रेशन बाय पार्ट्स अडखळत केले तर अर्धा वेळ तिथेच जातो. म्हणजे विद्यार्थी अडतो लाप्लासपाशी, पण कच्चा असतो बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये.

दुसरा मुद्दा सवयीचा. राज्याच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येकाला चार पर्याय आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. पर्याय उलटे ठेवून पाहणे, दोन पर्याय कापणे, सूत्राचा शॉर्टकट वापरणे ही तिथली कौशल्ये. ती वाईट नाहीत, पण दोन पाने चालणारे उत्तर कोऱ्या कागदावर स्वतः मांडण्याचा सराव त्यातून होत नाही. विद्यापीठाच्या पेपरात नेमके तेच करावे लागते आणि तिसऱ्या ओळीत वजाचे चिन्ह सुटले की दहाव्या ओळीपर्यंत ते पत्ता लागू देत नाही.

सर्वांत अवघड स्थिती डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांची. त्यांचे पहिले वर्ष होत नाही, त्यामुळे एम-वन आणि एम-टूही होत नाही. वर्कशॉप आणि ड्रॉइंगमध्ये ही मुले वर्गात इतरांच्या पुढे असतात आणि एम-थ्रीच्या तासाला अचानक मागच्या बाकावर जाऊन बसतात.

एका केटीने असे काय बिघडते?

‘एटीकेटी’ म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसण्याची मुभा. ती मर्यादित असते आणि मर्यादा ओलांडली तर वर्ष जाते. त्याआधीच कॅम्पस भरतीला फटका बसू शकतो, कारण अनेक कंपन्या ‘एकही चालू बॅकलॉग नको’ अशी अट ठेवतात. शैक्षणिक कर्ज काढून मुलाला शहरात ठेवणाऱ्या घरासाठी एक वाढीव वर्ष म्हणजे खोलीचे भाडे, मेस आणि लांबलेला पहिला पगार.

याहून कमी दिसणारे नुकसान वेगळेच आहे. दोनदा विषय राहिला की विद्यार्थी ‘आपल्याला गणित जमत नाही’ असा निकाल स्वतःच लावून टाकतो. अभ्यासाची पद्धत चुकली असेल हा विचार मनात येण्याआधीच शाखा चुकली, क्षेत्र चुकले इथपर्यंत गाडी जाते.

विद्यार्थी ‘अभ्यास करतात’ म्हणजे नेमके काय करतात?

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील १७७ विद्यार्थ्यांना २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हाच प्रश्न विचारला गेला. ८४ टक्के विद्यार्थ्यांनी ‘नोट्स किंवा पुस्तक पुन्हा वाचतो’ असे सांगितले आणि ५५ टक्क्यांच्या मते तीच त्यांची पहिल्या क्रमांकाची पद्धत होती. पुस्तक मिटवून आठवून पाहण्याचा उल्लेख अवघ्या ११ टक्क्यांनी केला. पाहणी परदेशातली असली तरी आपल्याकडच्या कोणत्याही वाचनालयात डोकावले तर चित्र ओळखीचे वाटेल. गणितात पुन्हा वाचणे म्हणजे सोडवलेली गणिते एकामागून एक नजरेखालून घालणे आणि महत्त्वाच्या ओळीवर पिवळा हायलायटर फिरवणे.

केंट स्टेट विद्यापीठातील जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचे संशोधन एकत्र करून त्यांची प्रतवारी लावली. पुन्हा वाचणे, अधोरेखित करणे आणि सारांश लिहिणे या तिन्ही ‘कमी उपयुक्त’ गटात गेल्या. ‘अति उपयुक्त’ हा शेरा फक्त दोघींना मिळाला : स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागून करणे. प्रश्न मिसळून सोडवणे आणि प्रत्येक पायरी ‘ही का केली’ हे स्वतःला समजावून सांगणे यांना मध्यम दर्जा मिळाला.

वाचताना समजते, मग आठवत का नाही?

कारण ओळखणे आणि आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. शेजारच्या काकांचा चेहरा पाहिला की ओळखता येतो, पण कागदावर काढायला सांगितले तर जमत नाही, तसे. सोडवलेले गणित वाचताना पुढची ओळ समोरच असते. मेंदूला फक्त मान डोलवायची असते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ मधला प्रयोग याबाबत वारंवार सांगितला जातो. एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि तीन वेळा, समोर उतारा नसताना, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होते, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे आपल्याला किती लक्षात राहील याचा अंदाज विचारला तेव्हा चार वेळा वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त होता.

पेपरच्या आदल्या रात्रीचा अभ्यास इतका लोकप्रिय का, याचे उत्तर या आकड्यांत आहे. पाच मिनिटांच्या कसोटीवर तो चालतो. सत्रभर टिकत नाही, त्यामुळे पुढच्या विषयात तोच भाग पुन्हा शून्यापासून शिकावा लागतो.

प्रश्न ‘मिसळून’ सोडवायचे म्हणजे काय?

एम-थ्रीसाठी बहुधा सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे, आणि सर्वांत कमी केली जाणारीही.

बाजारातील बहुतेक पुस्तकांत गणिते पद्धतीनुसार रचलेली असतात. आधी पार्शल फ्रॅक्शनची पंधरा, मग शिफ्टिंगची दहा, मग कन्व्होल्यूशनची बारा. विद्यार्थी कन्व्होल्यूशनची बाराच्या बारा गणिते सोडवतो आणि प्रकरण झाले म्हणून टिक करतो. पण त्या बाराही वेळा ‘इथे कन्व्होल्यूशन वापरायचे’ हे शीर्षकानेच सांगितलेले असते. परीक्षेत शीर्षक नसते. समोर एक अपूर्णांक असतो आणि पहिला निर्णय पद्धत निवडण्याचा असतो. त्याचाच सराव झालेला नसतो.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये हे तपासले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका आकृतीची गणिते सलग सोडवली, दुसऱ्याने चारही मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाल्यांना २० टक्के आणि मिसळवाल्यांना ६३ टक्के गुण मिळाले. सराव करताना जो गट मागे होता, तो परीक्षेत तिपटीने पुढे गेला.

फोरियर सिरीजचे उदाहरण घेऊ. प्रश्न हाती आला की आधी फंक्शन इव्हन आहे की ऑड हे पाहायचे. शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले अंतर असेल आणि फंक्शन ऑड असेल तर स्थिर पद आणि कोसाइनची सगळी पदे शून्य होतात, उरतात फक्त साइनची. तीन इंटिग्रल्सचे काम एकात होते. हे सूत्र जवळपास प्रत्येकाला पाठ असते. तरीही पेपरात अनेक जण थेट तिन्ही इंटिग्रल्स मांडायला घेतात, कारण ‘आधी थांबून पाहा’ ही सवय ‘ऑड फंक्शन’ अशा मथळ्याखालची गणिते सोडवून लागत नाही.

उपाय अगदी साधा आहे. वेगवेगळ्या प्रकरणांतील प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहायचे, प्रकरणाचे नाव लिहायचे नाही, डब्यात टाकायचे आणि एकेक उचलायची. वेळ कमी असेल तर पूर्ण गणित सोडवायचीही गरज नाही. वीस मिनिटांत दहा चिठ्ठ्या उचलून प्रत्येकीची फक्त पद्धत आणि पहिली ओळ लिहायची, मग उत्तराशी ताडून पाहायची.

मग सोडवलेली गणिते वाचूच नयेत का?

वाचावीत, पण सुरुवातीला. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत दिसले, की विषय अगदी नवा असताना नुसती गणिते सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली तर शिकणे लवकर होते. नवख्या माणसाच्या डोक्यात एका वेळी फार गोष्टी मावत नाहीत. मार्ग शोधणे आणि पायरी समजणे ही दोन्ही ओझी एकदम पेलत नाहीत.

मात्र पाया जमला की तीच उदाहरणे कुबडी होतात. त्यामुळे पहिली दोन-तीन गणिते पायरीपायरीने वाचावीत, पुढच्यात शेवटच्या ओळी झाकून स्वतः लिहाव्यात, त्यापुढच्यात फक्त प्रश्न पाहावा. ग्रेवाल असो, क्रेझिग असो की स्थानिक प्रकाशनाचे पुस्तक, पुस्तकाने फार फरक पडत नाही. उत्तरावर कागद ठेवला होता की नाही, याने पडतो.

यूट्यूब आणि एआयमुळे काम सोपे झाले की अवघड?

दोन्ही. परीक्षेआधी ‘वन शॉट’ व्हिडीओ पाहून चार तासांत आख्खे युनिट संपवता येते. चांगला शिक्षक फळ्यावर सफाईने गणित सोडवतो तेव्हा ते आपणच सोडवल्यासारखे वाटते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध अभ्यासात हा भास मोजला गेला. एका गटाने उत्तम व्याख्यान ऐकले. दुसऱ्याने तोच भाग वर्गात स्वतः प्रश्न सोडवत, अडखळत शिकला. चाचणीत दुसऱ्या गटाला जास्त गुण मिळाले. ‘किती शिकलात’ असे विचारल्यावर मात्र पहिल्या गटाला आपण जास्त शिकलो असे वाटत होते.

एआय चॅटबॉटबाबत तुर्कस्तानातील शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग डोळे उघडणारा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गणिताच्या सरावासाठी एका गटाला साधा चॅटबॉट दिला, दुसऱ्याला थेट उत्तर न देता इशारे देणारा आणि तिसऱ्याला काहीच नाही. सरावात साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हाच गट काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. इशारे देणाऱ्या चॅटबॉटच्या गटात हे नुकसान बहुतांशी टळले. म्हणजे फोटो काढून ‘सोडवून दे’ म्हणणे आणि स्वतः चार ओळी लिहून ‘यात चूक कुठे आहे ते फक्त दाखव’ म्हणणे यात केटीइतका फरक पडू शकतो.

अभ्यास एकट्याने करावा की गटाने?

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात उरी ट्रीजमन या गणितज्ञाला एक कोडे पडले. कॅल्क्युलसच्या कोर्समध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत होते, तर चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले करत होते. प्रेरणेचा अभाव, घरची परिस्थिती, कच्चा पाया अशी कारणे प्राध्यापक देत होते. ट्रीजमन यांनी विद्यार्थ्यांसोबत राहून पाहिले तेव्हा ती कारणे टिकली नाहीत. मागे पडणारी मुले मेहनती होती, पण एकटी अभ्यास करत होती. दुसऱ्या गटातली मुले आधी स्वतंत्र गणिते सोडवत, मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांना जुन्या पेपरांतले प्रश्न घालत. कोण कुठे अडले हे त्यांना रोज कळत होते. एकट्या बसणाऱ्याला ते थेट निकालात कळत होते.

ट्रीजमन यांनी यावर उपाय म्हणून सोपे जादा वर्ग काढले नाहीत. नेहमीपेक्षा अवघड गणिते गटात सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यात आलेल्यांचे निकाल सुधारले. आपल्याकडच्या ‘ग्रुप स्टडी’त चहाच जास्त होतो ही पालकांची तक्रार पूर्णपणे खोटी नाही. गणित आधी स्वतः करून आणायचे, ही अट पाळली तर तो चहाही सार्थकी लागतो.

सत्राच्या धावपळीत हे बसवायचे कसे?

रविवारी सलग सहा तास बसण्याऐवजी तेच सहा तास सहा दिवसांत वाटले तरी एकूण वेळ वाढत नाही. नवे प्रकरण सुरू झाले की त्या दिवशीच्या अभ्यासाची पहिली दहा मिनिटे मागच्या आठवड्यातील एका गणिताला द्यावीत. सूत्रांची यादी भिंतीवर चिकटवून रोज पाहण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा कोऱ्या कागदावर आठवून लिहावी आणि चुकलेली तेवढी लाल करावीत. परीक्षा लांब असेल तर उजळण्यांमधले अंतर मोठे ठेवता येते, जवळ येईल तसे ते कमी करावे.

चुकांची वेगळी वही हा प्रकार शाळकरी वाटतो, पण महिनाभरात ती बरेच सांगते. पद्धत निवडण्यात चूक, सूत्रात चूक, की चिन्हात आणि आकडेमोडीत चूक, एवढ्या तीनच रकान्यांची वही पुरते. तिसऱ्या रकान्यात गर्दी असेल तर विषय येतो, फक्त घड्याळ लावून लिहिण्याचा सराव हवा. पहिल्या रकान्यात गर्दी असेल तर चिठ्ठ्यांचा डबा काढावा. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांनी सत्राच्या आधीच्या सुट्टीत फक्त पार्शल डेरिव्हेटिव्ह, पार्शल फ्रॅक्शन आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्स एवढेच पक्के केले तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

आणि ज्याच्या हातात फक्त चार दिवस आहेत? त्याला मागचे पेपर सोडवण्यावाचून पर्याय नाही, हे सीनियरचे म्हणणे बरोबरच आहे. फक्त पेपर ‘मारताना’ उत्तरपत्रिका शेजारी उघडी नको.

दोष फक्त विद्यार्थ्यांचा का?

नाही. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. नुसते व्याख्यान असलेल्या वर्गात नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होते. विद्यार्थ्यांना तासातच काम करायला लावणाऱ्या वर्गात ते २१.८ टक्के होते. त्यासाठी शिक्षकाला मुलांच्या वह्यांत डोकावायला वेळ हवा. इकडे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतील जागांची कमाल मर्यादा हटवली आणि संगणक, एआय शाखांच्या तुकड्या वाढवण्याचा मार्ग मोकळा झाला. तुकडी वाढवायला परवानगी पुरते, गणिताचा शिक्षक तितक्या लवकर मिळत नाही.

प्रश्नपत्रिकांचाही वाटा आहेच. त्याच साच्यातले प्रश्न दरवर्षी थोडे आकडे बदलून येत राहिले, तर नोट्स पाठ करणारा पास होतो आणि डोके लावून शिकणाऱ्याला आपला वेळ वाया गेल्यासारखे वाटते. स्वायत्त महाविद्यालये आता स्वतःचे पेपर स्वतः काढतात. पंधरवड्याला दहा गुणांची छोटी, मागचा भागही धरणारी चाचणी घेणे त्यांच्या हातात आहे. चाचणी ही गुण देण्याची नव्हे तर शिकवण्याची पद्धत आहे, हे रोडिगर-कार्पिकी यांच्या प्रयोगाचे म्हणणे त्यातून विद्यार्थ्यांनी काही ठरवण्याआधीच अमलात येते.

तोवर इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यासमोर ‘कंट्रोल सिस्टिम्स’चे शिक्षक पहिल्याच आठवड्यात ट्रान्सफर फंक्शन लिहितात, एआय शाखेच्या विद्यार्थ्यासमोर मशीन लर्निंगचे पुस्तक संभाव्यतेच्या उजळणीने उघडते. दोन्हीकडे एम-थ्री आलेला आहे असे गृहीत धरलेले असते.